मोटारीने लेहपर्यंत: डिकीत काय असावे, हाताशी काय असावे

सीमा रस्ते संघटनेने मनाली–लेह महामार्गावरील बर्फ हटवून तो वाहतुकीस खुला केला की, साधारणतः मेच्या अखेरीपासून, महाराष्ट्राचे क्रमांक मिरवणाऱ्या मोटारी उत्तरेच्या दिशेने धावताना दिसू लागतात. मुंबईहून दिल्ली आणि मनालीमार्गे लेहपर्यंतचे अंतर सुमारे २४०० किलोमीटर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंड चढण्याची आवश्यकता उरलेली नाही आणि मनाली ते लेह हे अंतरही ४६ किलोमीटरने कमी झाले आहे. परिणामी, पूर्वी जीप अथवा मोटारसायकलवरून जाणाऱ्या हौशी तरुणांपुरता मर्यादित असलेला हा प्रवास आता आजी-आजोबा आणि लहान मुलांसह सहकुटुंब करण्याकडे कल वाढला आहे.

अशा प्रवासाला निघणाऱ्यांपुढील पहिला प्रश्न सामानाचा असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात उदयपूर–जयपूरच्या दरम्यान तापमान ४५ अंशांच्या आसपास असते, तर त्यानंतर चार-पाच दिवसांतच सरचूच्या पठारावर रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी अनुभवास येते. दोन्ही ऋतूंचे कपडे, सर्वांची औषधे, खाद्यपदार्थ, पाणी आणि गाडीची अवजारे एकाच मोटारीत सामावून घ्यावयाची असतात. पूर्वी आगगाडीच्या लांबच्या प्रवासात वळकटी, फिरकीचा तांब्या आणि शिदोरीची पिशवी फलाटावर टेकवली की चिंता मिटत असे, कारण गाडी हाकण्याची जबाबदारी दुसऱ्याची होती. मोटारीत मात्र सामानाचे वजन आणि त्याची मांडणी यांचा परिणाम थेट वाहन चालवण्यावर होतो. त्यामुळे यादी करताना काय लागेल याच्या जोडीने ते केव्हा लागेल आणि त्या वेळी हात कोठपर्यंत पोहोचेल, याचाही विचार करावा लागतो.

वजनाचा हिशेब

प्रत्येक मोटारीला किती भार वाहता येईल याची मर्यादा उत्पादकाने ठरवून दिलेली असते. छोट्या हॅचबॅक गाड्यांच्या बाबतीत ती साधारणपणे ४०० ते ४५० किलोच्या दरम्यान असते. पाच प्रौढ व्यक्तींचे सरासरी वजन ७० किलो धरले, तरी प्रवाशांचेच ३५० किलो होतात. उरते ते ५० ते १०० किलो. त्यातून वीस लिटर पाण्याचे वीस किलो वजा केले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक लहानशी बॅगच येते. हे गणित घरून निघण्यापूर्वी वजनकाट्यावर करून पाहिले, तर निम्म्या वस्तू आपोआप बाजूला पडतात. या मार्गावर पाच जणांनी हॅचबॅकने जाऊच नये, चौघांनी जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीची अडचण आणखी वेगळी. टाकीने डिकीची बरीचशी जागा व्यापलेली असते आणि मनालीच्या पुढे सीएनजी मिळत नाही. म्हणजे उपयोग नसलेली जड टाकी घेऊन घाट चढावे लागतात.

जागा अपुरी पडू लागली की अनेक जण टपावर कॅरियर बसवून घेतात. टपावरील ओझ्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणांवर ती अधिक कलते. गाटा लूप्ससारख्या सलग २१ वळणांच्या चढावर हा फरक चालकाला स्पष्टपणे जाणवतो. टपावर किती वजन चालेल हे गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते; ते तपासावे आणि वर केवळ हलके, मोठ्या आकाराचे सामान, उदाहरणार्थ गरम जॅकेट अथवा झोपण्याच्या पिशव्या, जलरोधक आवरणात बांधून ठेवावे. जड बॅगा डिकीच्या तळाशी, मागच्या आसनाला अगदी भिडवून ठेवाव्यात. भरलेल्या गाडीसाठी टायरमधील हवेचा दाबही वेगळा सांगितलेला असतो. तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला आढळतो.

सुटे सामान

मागच्या काचेखालच्या फळीवर छत्री, पाण्याची बाटली, कॅमेरा किंवा देवळातून घेतलेला नारळ ठेवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या अडथळ्यावर आदळून थांबली, तर आतील सुटी वस्तू त्याच ६० किलोमीटरच्या वेगाने पुढे जात राहते. हा वेग सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरचा वेग असेल, तर हीच उंची ३९ मीटरपर्यंत जाते. त्या वेगाने येणारा नारळ पुढच्या आसनावरील व्यक्तीच्या डोक्यात बसला तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

जो नियम वस्तूंना, तोच माणसांना. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरील दोघांचा मृत्यू झाला. त्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. मागच्या आसनावरील प्रवाशांनी पट्टा लावणे कायद्याने पूर्वीपासूनच बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न लावल्यास एक हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. येथे सामानाचा संबंध असा की, मागच्या आसनावर उशा, पिशव्या आणि खाऊचे डबे रचले की पट्ट्यांची कुलुपे त्यांच्याखाली दडपली जातात आणि मग ती शोधण्याचा कंटाळा केला जातो. सामान भरून झाल्यावर मागचे सर्व पट्टे लागतात की नाही, हे पाहूनच गाडी सुरू करावी. लहान मुलांसाठी त्यांच्या वयानुरूप वेगळे आसन घ्यावे. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणे सर्वांत धोक्याचे.

चालकाच्या पायाशी काहीही ठेवू नये. घाटातील उतारावर घरंगळत येऊन ब्रेकच्या पट्टीखाली अडकलेली पाण्याची बाटली गाडी थांबवू देत नाही. चपलांचे जोड आणि मोकळी पायपुसणी यांनाही हेच लागू आहे.

गाडी थांबल्यावर

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. यांतील काही अपघात चालत्या गाडीने थांबलेल्या वाहनावर आदळून घडतात. मध्यरात्री महामार्गाच्या कडेला चाक बदलण्यासाठी वाकलेला माणूस मागून येणाऱ्या ट्रकचालकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे आपत्कालीन साहित्याचा क्रम ठरवताना आधी इतरांना आपण दिसू अशा वस्तू घ्याव्यात आणि दुरुस्तीची अवजारे त्यानंतर.

नव्या गाडीसोबत परावर्तक त्रिकोण मिळतो. तो बहुधा डिकीच्या तळाशी, सर्व सामानाखाली पडून असतो. म्हणजे तो बाहेर काढण्यासाठी काळोखात, रहदारीकडे पाठ करून, आधी सर्व बॅगा रस्त्यावर उतरवाव्या लागतात. त्रिकोण, चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि कपाळावर बांधण्याचा टॉर्च या तीन वस्तू एका पिशवीत घालून ती पुढच्या आसनाखाली पक्की अडकवून ठेवावी. जाकीट गाडीतून उतरण्यापूर्वीच अंगात घालावे. त्रिकोण गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर आणि वेगवान महामार्गावर त्याहूनही दूर ठेवावा. इतर प्रवाशांनी गाडीत बसून न राहता रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे राहावे.

दुसरा मुद्दा स्टेपनीचा. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली असून, ट्यूबविरहित टायर, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीसंच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. काही गाड्यांत मूळ चाकापेक्षा लहान स्टेपनी दिलेली असते. तिच्यावर साधारणतः ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाऊ नये, असे तिच्यावरच लिहिलेले असते. आपल्या गाडीत नक्की काय आहे हे अनेकांना पहिल्या पंक्चरच्या वेळीच कळते. लडाखच्या मार्गावर टोकदार खडीचे लांब पट्टे आहेत आणि पंक्चर काढून देणाऱ्या दोन दुकानांमध्ये शंभर किलोमीटरचे अंतर असू शकते. अशा ठिकाणी पूर्ण आकाराची स्टेपनी नसलेली गाडी नेणे धाडसाचे ठरते. न्यावयाचीच असेल, तर पंक्चर बुजवण्याच्या पट्ट्या आणि गाडीतील बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवा भरण्याचा पंप अवश्य घ्यावा.

चाकाचे नट ही आणखी एक नेहमीची अडचण. टायरच्या दुकानात ते यंत्राने इतके आवळलेले असतात की, गाडीसोबत मिळणाऱ्या आखूड पान्याने हलतही नाहीत. लांब दांड्याचा किंवा चौफुलीसारखा पाना वेगळा विकत घ्यावा. मिश्रधातूच्या चाकांना चोरीपासून संरक्षणासाठी वेगळ्या खाचेचा नट बसवलेला असेल, तर त्याची जुळणारी किल्ली सोबत आहे ना, हे पाहावे. गाडी टोचन करून नेण्याचा हूक आता बहुतेक गाड्यांत सुटा असतो. तो जॅकच्या शेजारी ठेवलेला असून बंपरवरील छोटे झाकण काढून आत फिरवून बसवावा लागतो. दोरखंड सोबत आहे पण हूक कोठे आहे हे ठाऊक नाही, अशी स्थिती वाटेत उद्भवू नये. बॅटरी जोडण्याच्या तारा, दोन-चार फ्यूज आणि गाडीची दुसरी किल्लीही घ्यावी. ही किल्ली चालकाकडे न देता सहप्रवाशाच्या खिशात असावी.

निघण्याच्या दोन दिवस आधी सर्व सामान भरून, घरासमोरच स्टेपनी बाहेर काढून एक चाक बदलून पाहावे. तासाभराचा हा खटाटोप कंटाळवाणा खरा, परंतु मांडणीतील बहुतेक चुका त्यात उघड होतात.

कागदपत्रे, पैसे आणि फोन

चालक परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र डिजिलॉकर अथवा एम-परिवहनमधून दाखवलेले कायद्याने ग्राह्य आहे. तथापि, जेथे संपर्कयंत्रणाच नाही तेथे फोन उघडून काय दाखवणार? म्हणून मूळ प्रती आणि एक छायाप्रतींचा संच जवळ ठेवावा. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. त्याच्या खात्यात पुरेशी रक्कम असावी. जम्मू-काश्मीर व लडाखमध्ये अन्य राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, त्यामुळे निदान दोघांकडे पोस्टपेड जोडणी हवी. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. उपग्रह फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगणे हा भारतात गुन्हा असल्याने तो कोणी भेट म्हणून दिला असला तरी घरीच ठेवावा. केलाँगनंतर लेहपर्यंत रोख रक्कमच उपयोगी पडते. तंबूतील चहावाल्याकडे पाचशेची मोड नसते, याची जाणीव ठेवून सुट्या नोटा घ्याव्यात.

मुंबईहून दिल्लीकडे जाणारा महामार्ग गुजरातमधून जातो. तेथे दारूबंदी आहे. पुढच्या राज्यात चालते म्हणून डिकीत ठेवलेली बाटली वलसाडला तपासणीत सापडली, तर सहल तेथेच संपते.

आपत्कालीन मदतीसाठी ११२, तर राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक आहेत. मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. प्रत्येक प्रवाशाचे नाव, रक्तगट, चालू औषधे, औषधांची ॲलर्जी आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद गाडीच्या पुढच्या कप्प्यात असल्यास डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

शिदोरी आणि पाणी

दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग आणि लाडू हे पदार्थ मराठी घरांत प्रवासासाठीच जणू घडत आले. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक असते, हे लक्षात घेता ओले खोबरे, दही वा बटाटा असलेला कोणताही पदार्थ पहिल्या दुपारनंतर खाऊ नये. राजस्थान ओलांडेपर्यंत पाण्यावर भर द्यावा. माणशी किमान चार लिटर पाणी गाडीत असावे आणि जलसंजीवनीची पाकिटे असावीत. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तेच काम होते. येथे चहाचा लहान चमचा अभिप्रेत आहे.

मनालीच्या पुढे स्वयंपाकाचे गणित बदलते. हवेचा दाब कमी झाल्याने लेहला पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते आणि ५३०० मीटर उंचीच्या तागलांग खिंडीत ८२-८३ अंशांवर. पातेल्यात भात कच्चा राहतो, डाळ शिजत नाही. तांदूळ-डाळीची पिशवी सोबत नेण्याऐवजी गरम पाणी ओतून होणारे पोहे, उपमा, सातूचे पीठ आणि सुका मेवा न्यावा. हवाबंद वेफर्सची पाकिटे वर फुग्यासारखी टम्म होतात. मुलांना त्याची गंमत वाटते. हाच दाब शाम्पूच्या आणि तेलाच्या बाटल्यांवरही काम करतो आणि बॅग उघडल्यावर कपडे तेलकट झालेले आढळतात. अशा बाटल्या पूर्ण भरू नयेत, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावावा आणि त्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात.

औषधे

प्रथमोपचार पेटी गाडीसोबत मिळाली असली तरी ती एकदा उघडून पाहावी. कित्येकदा आतील मलमे मुदतबाह्य झालेली असतात आणि चिकटपट्टी सुकून गेलेली असते. निर्जंतुक कापसाच्या घड्या, रुंद बँडेज, कात्री, हातमोजे, जंतुनाशक आणि ताप, जुलाब व उलटीवरील औषधे एवढे साहित्य पुरते. नियमित औषधे ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट घ्यावीत, कारण दरड कोसळून रस्ता दोन-तीन दिवस बंद होणे या भागात नवलाचे नाही. ती दोन भागांत विभागून दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी.

मधुमेहींनी विशेष दक्षता घ्यावयास हवी. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते. राजस्थानात ते उष्णतेने निकामी होण्याची भीती, तर सरचूला गोठून. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यानंतरही वापरता येत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. म्हणून ते डिकीत अथवा डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये. सपाटीवर शीतपिशवीत, परंतु बर्फाला थेट न टेकवता ठेवावे आणि उंचावर रात्री आपल्यासोबत पांघरुणात घ्यावे. शीतपिशवीसाठी सिगारेट-लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा शीतक मिळतो, पण गाडी बंद असताना तो बॅटरी उतरवतो.

गाडी लागण्यावरील आणि सर्दीवरील बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. चालकाने त्या घेऊ नयेत. पॉवर बँक, लायटर व फवाऱ्याचे डबे उन्हात उभ्या गाडीत सोडून जाऊ नये, हेही येथेच नमूद करावयास हवे.

विरळ हवा

मनाली सुमारे २०५० मीटरवर, जिस्पा ३२०० मीटरवर, सरचू ४३०० मीटरवर आणि लेह ३५०० मीटरवर आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याचे ठिकाण एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये, असा वैद्यकीय संकेत आहे. मनालीहून सकाळी निघून सरचूच्या तंबूत मुक्काम करणारे कुटुंब एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर जाते, आणि डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश यांनी त्यांची रात्र सरते. जिस्पाला एक-दोन रात्री राहून, भल्या पहाटे निघून उंच खिंडी दिवसा ओलांडाव्यात आणि मुक्कामाला लेह गाठावे, हे अधिक सुरक्षित. दिवस मोठा होतो; त्यासाठी दोन चालक हवेत.

बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे छोटे यंत्र अवश्य घ्यावे, पण केवळ आकड्यावर विसंबू नये. धाप विश्रांती घेऊनही थांबत नसेल, खोकल्यातून फेस येत असेल, तोल जात असेल किंवा बोलण्यात विसंगती जाणवत असेल, तर फुप्फुसात वा मेंदूत पाणी साठू लागल्याची ती लक्षणे असू शकतात. अशा वेळी रुग्णाला तत्काळ कमी उंचीवर नेणे हाच मुख्य उपचार होय. बाजारात मिळणारे प्राणवायूचे लहान डबे काही मिनिटांपुरतेच पुरतात. त्यांच्या भरवशावर वर थांबून राहणे घातक आहे. ॲसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना आधी सांगावी. हृदयविकार वा दम्याचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि अगदी लहान मुले यांना नेण्याचा निर्णय घरी वैद्यकीय तपासणी झाल्यावरच घ्यावा. वर झोपेच्या गोळ्या आणि मद्य दोन्ही वर्ज्य.

वाटेत अडकल्यास

बारालाचा खिंडीच्या परिसरात जूनमध्येही अवचित हिमवृष्टी होते. झिंगझिंगबारच्या आसपासचे नाले दुपारी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने फुगतात आणि गाड्यांची रांग लागते. एक रात्र गाडीतच काढावी लागेल असे गृहीत धरून तयारी असावी. प्रत्येकासाठी घोंगडी किंवा जाड पांघरूण, कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचा कोरडा जोड आणि एका दिवसाचे अन्नपाणी ही सामग्री मनालीपर्यंत डिकीच्या तळाशी चालेल. मनालीला मात्र बॅगांची एकदा उलथापालथ करावी. सुती कपडे खाली आणि लोकरीचे वर. सोलंगला पोहोचल्यावर थंडी वाजू लागली म्हणून रस्त्यात डिकी उपसणाऱ्या मंडळींची कोंडी दरवर्षी पाहावयास मिळते. एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर अधिक ऊब देतात. नाल्यात उतरण्याची वेळ आल्यास पायांतील बूट कोरडे राहावेत म्हणून पट्ट्यांच्या चपलांचा जोड वेगळा असावा. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हासाठी गडद चष्मे मुलांनाही हवेत.

थंडीमुळे इंजिन व हीटर चालू ठेवून काचा बंद करून झोपण्याचा मोह होतो. धूर बाहेर सोडणारी नळी बर्फाने बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. या वायूला रंग वा वास नसल्याने झोपलेल्यांना जागही येत नाही. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, नळीभोवतीचे बर्फ काढावे, काच किंचित उघडी ठेवावी. त्यासाठी एक लहान फावडे उपयोगी पडते. गाडीत वा बंद तंबूत शेगडी पेटवणे याच कारणासाठी टाळावे.

महाराष्ट्रात रेडिएटरमध्ये साधे पाणी घातले तरी वर्षानुवर्षे भागते. सरचूला ते गोठून रेडिएटर फुटू शकतो. निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्यावे आणि एक लिटर सोबत ठेवावे. काच धुण्याच्या टाकीतही केवळ पाणी नसावे.

इंधन आणि हवा

केलाँगच्या अलीकडे तांदी येथील पंपावरचा, पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक प्रसिद्ध आहे. तेथून लेहच्या अलीकडील कारूपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, इंधन मिळेलच अशी खात्री धरून चालू नये. या धास्तीने पेट्रोलचे प्लास्टिकचे डबे आसनांमागे ठेवून नेणारे बरेच आढळतात. सपाटीवर लिटरला १८ किलोमीटर धावणारी गाडी या चढांवर ११ किलोमीटर धावली, तरी त्या टप्प्याला ३० लिटर पुरतात. बहुतेक मोटारींची टाकी ३५ ते ४५ लिटरची असते. तांदीला टाकी काठोकाठ भरून घेतल्यास डब्याची गरज सहसा भासत नाही. उंचीवर बंद डब्यात वाफेचा दाब वाढतो, झाकणातून गळती होते आणि ती वाफ काचा बंद असलेल्या गाडीत साठते. चौघांच्या कुटुंबाने हा धोका पत्करावा असे त्यात काही नाही.

टायरमधील हवेचेही असेच आहे. खिंडीच्या माथ्यावर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे मापकावर हवा जास्त दिसते. थंडीमुळे तीच हवा आकुंचन पावून आकडा पुन्हा काहीसा खाली येतो. बहुधा दोन्हींची वजाबाकी होऊन फरक थोडाच उरतो. तरीही काही चालक लेहमध्ये आकडा पाहून हवा काढून टाकतात. परतीच्या वाटेवर चंडीगढच्या सपाटीला उतरेपर्यंत तेच टायर बसके झालेले असतात आणि तशा स्थितीत अंबाल्यापुढे उन्हात ताशी शंभरच्या वेगाने धावल्यास तापून फुटतात. हवा काढली असेल, तर मंडीपर्यंत खाली आल्यावर, टायर गार असताना, डिकीतला तो बारा व्होल्टचा पंप काढून ती पुन्हा भरून घ्यावी.